बॅटरीवरचा पाना निवडताना

२०२२ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. मी आणि माझी मुलगी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी तीच चालवत होती. खंबाटकीचा घाट उतरून सुरूरच्या अलीकडे आलो आणि मागचं डावं चाक बसलं. पाऊस भुरभुरत होता. मुलीला चाक बदलता येतं. तिनं जॅक काढला, स्टेपनी काढली, चाकामागे दगड लावला आणि पाना नटाला लावून जोर दिला. नट हलला नाही. मग मी जोर दिला, तरीही हलला नाही. दोघांनी मिळून जोर दिला, तेव्हा नट जिथल्या तिथे राहिला आणि पानाच घसरून माझं बोट सोलून गेला.

आठच दिवसांपूर्वी आम्ही चारही टायर बदलून घेतले होते. दुकानातल्या पोरानं हवेवर चालणारी गन लावून ‘टर्रर्र’ असा आवाज काढत एकेक चाक अर्ध्या मिनिटात आवळलं होतं आणि मी त्याच्याकडे कौतुकानं बघत उभा होतो. त्या कौतुकाची किंमत आता कळत होती.

शेवटी एक ट्रक थांबला. चालक उतरला. ‘चाचा, जरा बाजूला व्हा,’ म्हणाला. त्यानं आपल्या ट्रकमधून दोन हात लांबीचा पोकळ पाइप आणला, आमच्या पान्याच्या दांड्यावर चढवला आणि जोर लावला. करकर आवाज करत नट सुटला, मग दुसरा, तिसरा, चौथा. पैसे घ्यायला तयार होईना, चहा मात्र घेतला. पुढे साताऱ्यापर्यंत मुलगी काही बोलली नाही. गावात शिरताना एवढंच म्हणाली, ‘अब्बू, मी एकटी असते तर?’

या प्रश्नाचं उत्तर म्हणून आमच्या घरात बॅटरीवर चालणारा पाना आणायचं ठरलं. इंग्रजीतून आलेलं त्याचं बाजारातलं नाव ‘कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच’. माझं शिक्षण बी. ए., आणि आयुष्य गेलं मात्रा मोजण्यात. पण अब्बांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये पान्यांबरोबर गेला होता, त्यामुळे नटबोल्टशी माझं अगदीच वैर नाही. महिनाभर मी दुकानं पालथी घातली, ओळखीच्या मेकॅनिकांची डोकी खाल्ली आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो आहे.

आधी हे यंत्र काम कसं करतं ते पाहू. खिळा अंगठ्यानं कितीही दाबला तरी लाकडात जात नाही, पण छोट्या हातोडीच्या चार ठोक्यांनी जातो. ठोका क्षणभरच टिकतो, पण त्या क्षणापुरता त्याचा जोर प्रचंड असतो. हीच हातोडी सरळ मारण्याऐवजी गोल फिरवून मारली तर? या पान्याच्या पोटात नेमकं तेच असतं. मोटार फिरते, तिच्याबरोबर एक जड पोलादी हातोडा फिरतो आणि तो पुढच्या ऐरणीला फिरवतो. ऐरणीच्या टोकावर नटाची गोटी, म्हणजे सॉकेट, बसवलेलं असतं. नट सैल असेल तोवर सगळं एकत्र गरगर फिरतं. नट अडला, की ऐरण थांबते. मग हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या दातावरून निसटतो आणि दबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे येऊन पुन्हा त्या दातावर आदळतो. असे ठोके मिनिटाला दोन ते तीन हजारांपर्यंत पडतात. आपल्याला ऐकू येतो तो ‘टर्रर्र’ म्हणजे हे ठोके.

यात एक गंमत आहे. साध्या ड्रिलनं तुम्ही जाम नट फिरवायला गेलात, तर नट राहील जागेवर आणि ड्रिल तुमचं मनगट पिळून काढील. क्रियेला प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम. इम्पॅक्ट रेंचमध्ये मात्र जोर तुटक ठोक्यांनी दिला जातो. ठोक्याचा झटका मुख्यतः हातोडा आणि ऐरण यांच्यातच होतो. हाताला थरथर जाणवते, पिळ फारसा जाणवत नाही. म्हणूनच ज्या नटासाठी दोन माणसांचा जोर कमी पडतो, तो नट एखादी सडपातळ मुलगी एका हातानं सोडवू शकते. अंतराळात ही प्रतिक्रियेची अडचण फारच मोठी होते. पाय रोवायला जमीन नसल्यामुळे नटाऐवजी अंतराळवीरच फिरायचा! १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेसाठी हाताला झटका न देणारा, बॅटरीवर चालणारा खास पाना तयार करून घेतला गेला, तो याच कारणासाठी.

दुकानात गेल्यावर पहिला घोटाळा होतो तो नावांचा. ‘इम्पॅक्ट’ हा शब्द तीन वेगळ्या यंत्रांना चिकटलेला आहे. इम्पॅक्ट ड्रिल हे भिंतीला भोक पाडायचं यंत्र. त्याचे ठोके पुढच्या दिशेनं, भिंतीत पडतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे स्क्रू पिळायचं यंत्र. त्याच्या तोंडाशी सहा कोनी खाच असते आणि तीत स्क्रूचे बिट बसतात. इम्पॅक्ट रेंचच्या तोंडाशी मात्र चौकोनी दांडी असते आणि तिच्यावर सॉकेट चढतं. चाकाचे नट काढायचे असतील, तर हे तिसरं यंत्र हवं. भिंतीत भोक पाडणं किंवा कपाटाच्या बिजागरीचे नाजूक स्क्रू लावणं, ही त्याची कामं नव्हेत.

ही चौकोनी दांडी वेगवेगळ्या मापांची मिळते. आपले जुने मिस्त्री इंचाचे आठ भाग करून सुतात बोलतात, तसं सांगायचं तर तीन सूत, चार सूत आणि सहा सूत. तीन सुताचा पाना लहान आणि हलका, दुचाकीच्या आणि इंजिनाच्या आसपासच्या अडचणीतल्या कामांना बरा. सहा सुताचा ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबीवाल्यांसाठी. घरची मोटार, दुचाकी, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, पत्र्याच्या शेडचे बोल्ट अशी मिश्र कामं असतील, तर चार सूत म्हणजे अर्धा इंच घ्यावा. त्या मापाची सॉकेटं कुठेही मिळतात.

आता येतो आकड्यांचा प्रश्न. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ३०० न्यूटन-मीटर, ५०० न्यूटन-मीटर, १००० न्यूटन-मीटर. हा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. जात्याचा खुंटा मध्यभागी का नसतो, कडेला का असतो, हे ज्याला कळलं त्याला टॉर्क कळला. जोर किती लावला आणि तो मध्यापासून किती अंतरावर लावला, यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. गाडीबरोबर मिळणारा पाना साधारण ३० सेंटिमीटरचा धरू. त्याच्या टोकावर ३५ किलोंचा भार दिला, तर सुमारे १०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. लहान मोटारींचे चाकाचे नट साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी हिशेब केलेला असतो की नट हाताच्या पान्यानं सुटला पाहिजे.

हाच हिशेब आमच्या प्रसंगाला लावून बघा. माझ्या मुलीचं वजन पन्नास किलो. ती पान्याच्या टोकावर सगळा भार टाकून उभी राहिली असती, तरी जोर झाला असता १४७ न्यूटन-मीटर. माझ्या सत्तर किलोंनी झाला असता जेमतेम २०६. दुकानातली गन तीन-चारशेचा जोर सहज देते. ट्रकचालकानं पाइप लावून दांडा दुप्पट-तिप्पट लांब केला आणि तेवढ्याच ताकदीत टॉर्कही दुप्पट-तिप्पट झाला. त्याच्या मनगटात जादू नव्हती, दांड्याच्या लांबीत होती. (पान्यावर उभं राहू नये, हेही सांगून ठेवतो. पाना निसटतो, माणूस पडतो आणि गाडी जॅकवर असेल तर जॅकही कलंडतो.)

मग घरासाठी किती टॉर्कचं यंत्र घ्यावं? माझ्या मते ३०० ते ५०० च्या दरम्यानचं. नीट आवळलेला नट शंभर-सव्वाशेचा असतो. त्यात गंज, चिखल आणि कुणाची तरी अतिउत्साही गन यांची भर धरली तरी एवढी ताकद पुरते. हजाराच्या वरची यंत्रं बॅटरीसकट तीन किलोंच्या पुढे जातात. वाकून, एका हातात धरून तेवढं वजन पेलणं पन्नाशीनंतरच्या खांद्याला मानवत नाही. मधल्या गटातलं यंत्र दोन किलोंच्या आसपास असतं. दुकानात ते बॅटरी लावून हातात धरा, हात लांब करून मनातल्या मनात तीस आकडे मोजा. खांदा काय म्हणतो ते ऐका.

आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगा. काही कंपन्या दोन आकडे देतात, एक आवळण्याचा आणि एक सोडवण्याचा. सोडवण्याचा आकडा मोठा असतो, म्हणून जाहिरातीत तोच ठळक छापतात. दोन यंत्रांची तुलना करताना एकाचा आवळण्याचा आणि दुसऱ्याचा सोडवण्याचा आकडा शेजारी ठेवू नका.

व्होल्टचंही तसंच. या यंत्रांत लिथियम-आयनचे घट असतात. १९९१ मध्ये सोनी कंपनीनं हे घट बाजारात आणले आणि त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. पाच घट एकामागे एक जोडले, की १८ व्होल्ट. तेच घट नुकते चार्ज झालेले असताना प्रत्येकी चारच्या थोडं वर असतात, म्हणून कुणी त्याच बॅटरीवर २० लिहितो, कुणी २१. तिन्ही एकच. पण काही स्वस्त यंत्रांवर ४८, ८८ असे आकडे असतात आणि त्यांच्यापुढे एखादं जादा अक्षर चिकटवलेलं असतं. तो व्होल्टचा आकडा नव्हे, गिऱ्हाईक गाठायचा गळ आहे. बॅटरीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. घरच्या कामाला १८ व्होल्ट उत्तम. १२ व्होल्टची यंत्रं सुटसुटीत असतात, पण त्यातली बरीचशी दुचाकीपुरती.

व्होल्टनंतर अँपिअर-अवर. हा टाकीचा आकार समजा. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर यांचा गुणाकार ७२ वॅट-अवर, एवढी वीज त्या बॅटरीत मावते. चार चाकं काढून लावायला २ अँपिअर-अवरही पुरेल, पण मोठी बॅटरी जोराच्या क्षणी कमी दमते. मी चारची घेतली. मोटार ‘ब्रशलेस’ आहे का, तेही विचारा. जुन्या पद्धतीच्या मोटारीत कार्बनचे ब्रश घासत असतात, ते झिजतात आणि तापतात. ब्रशलेसमध्ये ही घासाघीस नाही. थोडे पैसे जास्त जातात, पण यंत्र जास्त टिकतं आणि बॅटरीही जास्त पुरते.

यंत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅटरीचं घराणं. बॉश, मकिता, डिवॉल्ट अशा प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळ्या खाचेची असते आणि एकीची दुसरीला बसत नाही. उद्या तुम्हाला ड्रिल किंवा अंगणातला पाला उडवणारा ब्लोअर घ्यायचा असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारा मिळतो का ते आजच बघा. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात त्या कंपनीचं सेवा केंद्र आहे का आणि सुटी बॅटरी मिळते का, हेही विचारा. बॅटरी चार-सहा वर्षांत थकते. ती मिळाली नाही, तर उरतो तो नुसता महागडा ठोकळा. आणखी एक, काही खोक्यांत नुसतं यंत्र असतं, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. स्वस्त म्हणून हुरळून जाण्याआधी खोक्यात काय काय आहे ते मोजा आणि पक्कं बिल घ्या.

आता सगळ्यात धोक्याची चूक. घरात चकचकीत क्रोमची सॉकेटं असतात, तीच या यंत्राला लावायचा मोह होतो. ती हातानं वापरायची असतात. त्यांचं पोलाद कडक पण ठिसूळ असतं. मिनिटाला हजारो ठोके बसले, की ते तडकून तुकडे उडू शकतात. या यंत्राची सॉकेटं काळी, जाड भिंतीची, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असतात. यंत्राबरोबरच ती घ्या आणि सहा कोनीच घ्या, बारा कोनी नटाचे कोपरे खातात. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ मिलिमीटर लागतं, ह्युंदाईच्या बहुतेक गाड्यांना २१, फोक्सवॅगनला १७. विकत घेण्याआधी आपल्या गाडीचा पाना मोजून बघा. अलॉय चाकं असतील, तर बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेलं पातळ सॉकेट घ्या, म्हणजे चाकाला ओरखडे पडणार नाहीत. काम करताना डोळ्यांवर गॉगल हवा आणि कानात बोळे हवेत. ठोक्यांचा आवाज बंदिस्त पार्किंगमध्ये कान फोडतो.

यंत्र हातात आलं, की माणसाला सगळ्या जगाचे नट दिसू लागतात. तिथे हात आवरावा. स्पार्क प्लग, इंजिन ऑइलचा खालचा बोल्ट, ॲल्युमिनियममध्ये बसणारे स्क्रू, चोरीपासून बचावासाठी बसवलेला लॉक नट, यांना हे यंत्र लावू नका. आटे गेले, की यंत्राच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

आणि चाकाचे नट? सोडवताना यंत्र खुशाल वापरा. लावताना मात्र पहिले दोन-तीन आटे बोटांनी फिरवा. नट वाकडा धरला असेल तर बोटांना लगेच कळतं, यंत्राला कळत नाही. मग यंत्र सगळ्यात कमी वेगावर ठेवून नट नुसता टेकवा. समोरासमोरचे नट घ्या, शेजारशेजारचे नकोत. गाडी जॅकवरून खाली घ्या आणि शेवटचा जोर हाताच्या टॉर्क पान्यानं द्या. या पान्यावर आकडा लावता येतो, तेवढा जोर झाला की तो ‘कट्’ असा आवाज देतो. तिथे थांबायचं. काम झाल्यावर आकडा पुन्हा सगळ्यात खाली आणून ठेवायचा. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासायचे. अति आवळल्यानं बोल्ट ताणला जातो, आटे जातात आणि ब्रेकची डिस्कही वाकडी होऊ शकते. सैल नट जितका वाईट, तितकाच अति आवळलेलाही वाईट.

बॅटरीची काळजी साधी आहे. मे महिन्यातल्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत ती ठेवू नका, उष्णतेनं ती लवकर म्हातारी होते. तापलेली असताना चार्ज करू नका. वापर नसेल तर अर्धी भरलेली ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. पूर्ण रिकामी होऊन पडून राहिलेली बॅटरी कधीकधी पुन्हा चार्जच होत नाही.

इथेच माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला वेगळं सापडलं. हे यंत्र कायम डिकीत पडून राहिलं, तर नेमक्या गरजेच्या दिवशी त्याची बॅटरी मेलेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आम्ही यंत्र घेतलं, पण ते घरी राहतं. पावसाळ्याआधी चाकं अदलाबदल करायला, गच्चीवरच्या टाकीचा गंजलेला स्टँड उघडायला ते कामी आलं. डिकीत मात्र लांब होणाऱ्या दांड्याचा एक साधा पाना आणि १९ नंबरचं सॉकेट ठेवलं.

अब्बा वर्कशॉपमधल्या नव्या पोरांना सांगायचे, ‘कसनेवाला हाथ, खोलनेवाले हाथ को याद रखे.’ आवळणाऱ्यानं सोडवणाऱ्याची आठवण ठेवावी. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं, आता तो हिशेब वाटतो. घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला रस्त्यावर, हातानं, जो नट सोडवता येतो, तोच बरोबर आवळलेला नट.

हल्ली टायरच्या दुकानातून आल्यावर आम्ही एक काम न चुकता करतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, की मुलगी पाना काढते आणि एकेक नट अर्धा फेरा सैल करून बघते. मग टॉर्क पान्यानं पुन्हा आवळते. मी बाजूला उभा राहून ‘कट्’ मोजतो. एका चाकाचे चार, चार चाकांचे सोळा. परवा पंधराच ऐकू आले. मी तसं म्हणालो. ती परत खाली बसली आणि राहिलेला एक शोधून काढला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)